बोंबलाच्या मागावर सोलापुरात

शुक्रवार

सिद्धेश्वर एक्स्प्रेस मोहोळच्या पुढे आली तेव्हा फटफटायला लागलं होतं. रुळालगतच्या रानात ज्वारीची काढणी सुरू होती. माझ्या सीटखाली थर्माकोलचा खोका होता, त्यात बर्फ आणि बर्फात आमच्या वसईच्या बंदरावर आदल्या दुपारी उतरलेले बोंबील.

सोलापूरला एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण कधीपासून म्हणत होती, "एकदा ताजे बोंबील घेऊन ये. आमच्या मुलांना बोंबील म्हणजे वाळलेली काडीच माहीत." तिचं म्हणणं खरं होतं. रस्त्याने धरलं तर सोलापूरहून कोकणचा किनारा तीनशे किलोमीटरच्या वर आहे. ताजं पापलेट आणि सुरमई बर्फात इथवर टिकून येतात. बोंबील मात्र काही तासांतच लिबलिबीत होतो, त्यामुळे त्याचा ताजा व्यापार किनारा सोडून फार आत येत नाही. वाळलेला बोंबील मात्र घाट ओलांडून सगळ्या देशावर पोचतो आणि वर्षानुवर्षं पोचत आलाय.

स्टेशनवर मैत्रीण आली होती. खोक्याकडे बघून पहिला प्रश्न, "बर्फ आहे ना अजून?" घरी जाऊन आधी बर्फ बदलला, मग चहा झाला. दुपार झोपेत गेली.

संध्याकाळी बाजारात गेलो. मला सुक्या मासळीची रांगच बघायची होती. पोत्यांवर ढीग लावलेले: सुकट, सोडे, करंदी, खारा बांगडा, आणि काडी बोंबील. बोंबील आणि सुकट शेजारी शेजारी होते, ते मला फार आवडलं. समुद्रातही हे दोघे असेच जवळ असतात, कारण सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, आणि जवळा ही बारीक कोळंबी बोंबलाचं मुख्य खाणं.

एक बोंबील उचलला तर त्याला लटकून दुसराही वर आला. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेला. आमच्याकडे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील असेच जोडीने टाकतात. दोन तोंडं एकमेकांत गुंतवली की दात आपोआप धरून ठेवतात, बांधायला दोरा लागत नाही. बहुतेक जोड्या पोत्यात भरताना सुटतात. ही जोडी मात्र घाट चढून सोलापूरपर्यंत तशीच आली होती.

"काय बघायलात एवढं ताई?" विकणाऱ्या मावशींनी विचारलं. "चांगला माल हाय, वाळू नाही त्यात."

"कुठला आहे मावशी?"

"मुंबईचा. कधी गुजरातचा पण येतो, वेरावळकडला."

मी भिंग काढलं तशी त्या हसल्या, पण बाजूच्या पोत्यावर बसायला जागा करून दिली. वाळू नाही हे त्यांनी आवर्जून सांगितलं ते योग्यच होतं. दोरीवर वाळलेला आणि पुळणीवर पसरून वाळवलेला, यांत गिऱ्हाईक दातांखाली फरक ओळखतं. ती जोडी आणि अर्धा किलो काडी बोंबील घेऊन आम्ही निघालो.

रात्री मैत्रिणीच्या सासूबाईंनी त्यातल्याच मूठभर बोंबलांचं कालवण केलं. कात्रीने डोकी आणि शेपट्या उडवल्या, दोन-दोन इंचाचे तुकडे तव्यावर खमंग भाजले, गरम पाण्यात टाकले, मग लसूण, कांदा आणि काळा मसाला. सोबत ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आमच्याकडे याच कालवणात कोकम पडतं. इथे आंबट काही नव्हतं आणि तरी ते इतकं जमलं होतं की काकूंकडून काळ्या मसाल्याची पुडी मागून घेतली.

शनिवार

सकाळी प्रयोगशाळा. मुलं-मुली वेळेच्या आधीच जमली होती. खोका उघडला आणि ट्रेमध्ये बोंबील ठेवला तर तो ट्रेच्या आकारात पसरला. एका मुलीने बोट लावून पाहिलं आणि चटकन मागे घेतलं. "मॅडम, याला हाडं नाहीत का?"

आहेत. दिवसभर आम्ही तीच शोधली.

आधी थोडी ओळख करून दिली. बोंबील ज्या प्रजातीत येतो तिचं नाव हार्पाडॉन. तिच्यात चार-पाचच जाती मानतात आणि आपला बोंबील म्हणजे त्यांतला हार्पाडॉन नेहेरियस. कंपनी सरकारच्या नोकरीतले डॉक्टर फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. म्हणजे ज्या माशाला सगळं जग मुंबईचा म्हणून ओळखतं, त्याची शास्त्रातली पहिली नोंद बंगालची आहे. हॅमिल्टनने त्याला थंड समुद्रातल्या स्मेल्ट माशांच्या प्रजातीत घातलं होतं. हार्पाडॉन ही वेगळी प्रजाती लस्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये केली.

मग बाहेरून सुरुवात. ताजा बोंबील करडा, अर्धपारदर्शक असतो आणि अंगावर बारीक काळे ठिपके. खिडकीच्या उजेडात धरला की कण्याची सावली दिसते. मुंडकं आखूड, डोळे अगदी लहान आणि जवळजवळ थुतरीच्या टोकाशी. तोंडाची फट मात्र डोळ्याच्या कितीतरी मागे जाते. जबडा उघडला तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली. एवढ्या मऊ माशाच्या तोंडात एवढे दात असतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. बारीक, लांब, आत वळलेले, लहानमोठे, खालच्या जबड्यावर सगळ्यात मोठे. टाळूवरही दात आहेत.

प्रत्येकाला चिमट्याने एक दात आत ढकलायला लावला. तो घशाच्या दिशेने सहज झुकतो. तोच दात बाहेरच्या बाजूला ओढायला सांगितला तर झुकत नाही, ताठ राहतो. आत शिरणाऱ्या कोळंबीला वाट मिळते, बाहेर पडणाऱ्या कोळंबीला मिळत नाही. आदल्या दिवशीची वाळलेली जोडी मी इथे पुढे केली. दोन जबडे एकमेकांतून का सुटत नाहीत हे आता कुणाला सांगावं लागलं नाही.

पुढे पर. पाठीवर एक पर, त्यात ११ ते १३ मऊ किरण. त्याच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, किरण नसलेला छोटा मांसल मेदपर. हॅमिल्टनला स्मेल्टची आठवण झाली ती बहुधा यामुळेच. छातीचे पर लांब, थेट पाठीवरच्या पराच्या सुरुवातीपर्यंत पोचणारे. शेपटीला तीन टोकं. मधलं टोक लहान, आणि अंगावरची पार्श्वरेखा त्या मधल्या टोकावर जाऊन संपते. पाण्यातली हालचाल टिपणारी ही रेषा बहुतेक माशांत शेपटीच्या बुडाशी थांबते. गढूळ पाण्यात राहणाऱ्या, बारक्या डोळ्यांच्या या माशात ती इतकी लांब आहे.

खवले पुढच्या अर्ध्या अंगाला नाहीतच. मागच्या अर्ध्यात आहेत, तेही बोटाला लागून निघून येणारे. पार्श्वरेखेवरचे तेवढे पक्के.

पोट उघडायचं काम दोन मुलांनी केलं. जठरात जवळा निघाला, गुलाबीसर, डोळ्यांचे काळे ठिपके अजून शाबूत. दुसऱ्या एका बोंबलाच्या पोटात लहान बोंबीलच होता. बोंबील आपल्याच पोरांना गिळतो हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण ते असं समोर आलं की लक्षात राहतं. मग वाताशय, म्हणजे माशाला पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी, शोधायला सांगितलं. बराच वेळ शोधून मुलं म्हणाली, नाही. बरोबर, नसतोच. या सगळ्या कुलाला वाताशय नाही. कोळी ज्याला चोर बोंबील म्हणतात तो सॉरिडा याच कुलातला. त्यालाही वाताशय नाही आणि तो सरळ तळाशी वाळूवर बसून राहतो, अंगही त्याचं घट्ट आणि खवलेदार. आपला बोंबील तळाला बसत नाही, प्रवाहात मधल्या पाण्यात असतो. वाताशय नसताना हे त्याला कसं जमतं?

याचं उत्तर तराजूत मिळालं. ताज्या बोंबलाचे तुकडे वजन करून ओव्हनमध्ये ठेवले होते. दुपारी काढले तेव्हा ट्रेमध्ये पापुद्रे उरले होते. बोंबलाच्या मांसात ८५ ते ९० टक्के पाणी असतं. म्हणून आमच्याकडे तळायच्या आधी बोंबील उभा चिरून पाटा-वरवंट्याखाली दाबून ठेवतात, नाहीतर तव्यावर नुसतं पाणी सुटतं. हाडंही नरम, त्यांत चुन्याचा भाग कमी. अंगच जर बहुतेक पाणी असेल तर ते पाण्यात बुडणार तरी किती? मला वाटतं, वाताशयाचं काम त्याने आपल्या मांसाकडूनच करून घेतलंय. अशा माशाला मागे धावून शिकार करता येत नाही. प्रवाह जवळ्याचे थवे घेऊन येतो, हा तोंड उघडतो.

आणि कोळी त्याला पकडतात तेही त्याच प्रवाहाने. डोलीचं जाळं म्हणजे लांबलचक पिशवी. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ती बांधून ठेवायची, भरती-ओहोटीच्या ओढीने मासा आपोआप आत येतो. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाण्याला जोर असतो तेव्हा जाळी भरतात, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, ओढ कमी म्हणून मासाही कमी. डोलकर चंद्र बघून समुद्रात जातो असं मी सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "म्हणजे जिथे भरती मोठी नाही तिथे बोंबील नाही?"

हा प्रश्न मला हवाच होता, पण तो इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. त्याला म्हटलं, सोमवारी बोलू, तोवर नकाशा आणून ठेव.

दुपारनंतर सुक्या बोंबलांवर काम. सांगाडा शिकवायला वाळलेला बोंबील ताज्यापेक्षा सरस ठरला, हे मी मनापासून सांगते. ताज्यात सगळं हाताखाली घरंगळतं. वाळलेला कोमट पाण्यात थोडाच वेळ ठेवला, की कातडी सुटते आणि कणा, फासळ्या, जबड्याची लांब बारीक हाडं आपापल्या जागी तशीच दिसतात. ज्या शाळा-कॉलेजांना समुद्र लांब आहे त्यांनी हा धडा आठवडी बाजारातून शिकवावा.

रविवार

सुट्टीचा दिवस. मैत्रिणीच्या यजमानांनी गाडी काढली आणि आम्ही हत्तरसंग कुडलला गेलो. सोलापूरपासून तासाभराच्या वाटेवर, भीमा आणि सीना जिथे मिळतात ते ठिकाण. संगमेश्वराच्या देवळातला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख बघण्यासारखा आहे, आणि असंख्य मुखं कोरलेलं शिवलिंगही. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, त्यामुळे मी सरळ नदीवर येते.

संगमावर पाणी संथ होतं. एक भोई जाळं आवरत होता. त्याच्या पाटीत चिलापी, दोन-तीन रोहू आणि एक वाम. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आता भीमेत सगळीकडे. गोड्या पाण्यातल्या या माशांचं अंग हाताला कसं घट्ट लागतं ते कालच्या बोंबलानंतर जास्तच जाणवलं.

मी मात्र तिथे बसून पाण्याची दिशा बघत होते. भीमा इथून आग्नेयेला कर्नाटकात जाते, रायचूरजवळ कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात उतरते. म्हणजे सोलापूर बोंबील खातं पश्चिम किनाऱ्याचा, आणि सोलापूरचं पाणी जातं पूर्व किनाऱ्याला. आणि बोंबलाच्या पसाऱ्याचे भारतातले तुकडेही दोनच: एक पश्चिमेचा, एक पूर्वेचा. ही गोष्ट मला वसईत बसून कधी सुचली नसती. आमच्याकडच्या नद्या सह्याद्रीतून निघाल्या की लगेच समुद्रात जातात.

पश्चिमेचा तुकडा सौराष्ट्रातल्या जाफराबाद, नवाबंदरपासून सुरू होतो, खंबातच्या आखाताभोवती आणि पालघर, वसई, मुंबई, रायगडच्या किनाऱ्याला सगळ्यात दाट, आणि रत्नागिरीपर्यंत विरत जातो. त्याच्या खाली गोवा, कर्नाटक, केरळचा किनारा बोंबलाच्या दृष्टीने जवळजवळ कोरा. भारताचं टोक वळसा घालून वर येताना आंध्रात तो पुन्हा थोडाफार दिसू लागतो, ओडिशात वाढतो, आणि हुगळीच्या मुखाशी, बांगलादेशात पुन्हा भरपूर. बंगालमध्ये त्याला लोटे म्हणतात. तिथून पुढे म्यानमार, मलाया, इंडोनेशिया आणि पार चीनच्या किनाऱ्यापर्यंत.

या मधल्या कोऱ्या पट्टीवर १९३०च्या दशकात डॉ. सुंदरलाल होरा यांनी लिहिलं. पुढे ते झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक झाले. मलायातल्या गोड्या पाण्यातल्या माशांचे भाऊबंद मधला मुलूख सोडून सह्याद्रीत कसे, या कोड्यासाठी सातपुडा गृहीतक मांडणारे तेच. एकच मासा दोन लांबच्या ठिकाणी सापडला की होरांना चैन पडत नसे, असं त्यांचं काम बघून वाटतं. मला त्यांच्याबद्दल त्यासाठीच आदर आहे.

परत येताना दिवस कलला होता, तरी भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकाशी थांबलो. १९३८ मध्ये चीनला गेलेला सोलापूरचा हा डॉक्टर १९४२ मध्ये तिथेच वारला. त्यांचं कामाचं क्षेत्र समुद्रापासून लांब होतं, तरी डोक्यात दिवसभर बोंबलाचा नकाशा असल्याने चीनचा किनारा लगेच डोळ्यांपुढे आला.

सोमवार

नकाशा भिंतीवर लावलेला होता. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने किनाऱ्यावर पेन्सिलीने दोन पट्टेही ओढले होते.

आधी त्याचा भरतीचा मुद्दा घेतला. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सगळ्यात मोठा, हुगळीतही मोठा, आणि दोन्ही ठिकाणी बोंबील भरपूर. केरळात हा फरक एक मीटरच्या आसपास, तिथे बोंबील नाही. इथवर त्याचं बरोबर. पण आंध्रातही भरती फार मोठी नाही आणि तिथे थोडा का होईना बोंबील आहे. मग नुसत्या भरतीवर भागत नाही. उथळ समुद्राची रुंदी घ्यावी लागते: खंबातच्या बाहेर खंडमंच तीनशे किलोमीटरहून रुंद, केरळपाशी साठ-सत्तर. नद्या घ्याव्या लागतात: नर्मदा, तापी, गोदावरी, कृष्णा, महानदी, गंगा या गाळ आणून ओतणाऱ्या मोठ्या नद्यांची मुखं या दोन तुकड्यांतच आहेत, आणि मधल्या कोऱ्या किनाऱ्याला एवढी मोठी नदी मिळत नाही.

"कावेरी?" एका मुलीने विचारलं.

कावेरी मोठीच आहे. म्हणून हा नियम मी फळ्यावर लिहू दिला नाही. गाळ, गोडं पाणी, प्रवाहाची ओढ, जवळ्याचे थवे, या सगळ्यांचा मेळ जिथे बसतो तिथे बोंबील दाट होतो, एवढं म्हणता येतं. कावेरीचं पाणी तर आता समुद्रापर्यंत फारच थोडं पोचतं. कृष्णेचंही तसंच, उजनीसारखी धरणं वाटेत पाणी आणि गाळ अडवतात, आणि कृष्णेचा त्रिभुज प्रदेश झिजतोय. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या माशाचा विचार करताना सोलापूरच्या उसाचाही विचार करावा लागतो, हे मी मुलांना स्पष्ट सांगितलं. धरण नको असं माझं म्हणणं नाही. पण समुद्राचं शेत नदीच्या पाण्यावर पिकतं, हे हिशेबात धरलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

उरलेल्या वेळात प्रजातीतले बाकीचे भाऊ. हार्पाडॉन ट्रान्सल्यूसेन्स उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या दक्षिणेला नदीमुखांच्या गढूळ पाण्यात असतो, आपल्या बोंबलासारखाच. हार्पाडॉन मायक्रोकिर जपानपासून पश्चिम प्रशांतात, खूप खोल, आणि त्याचे छातीचे पर आखूड. हार्पाडॉन स्क्वामोसस बंगालच्या उपसागरातल्या खोल पाण्यातला, १८९१ मध्ये अल्कॉक यांनी वर्णन केलेला. आणि तांबड्या समुद्राच्या खोल भागातला हार्पाडॉन एरिथ्रिअस, याची नोंद तर १९८३ची. म्हणजे एकाच प्रजातीची एक शाखा गढूळ मुखांशी, दुसरी अंधाऱ्या खोलीत. दोन्हीकडे डोळ्यांचा उपयोग कमी, दोन्हीकडे मऊ पाणीदार अंग चालतं. खोल समुद्रातून हे वर आले की किनाऱ्यावरून खाली गेले, यावर मुलांनी जोरात वाद घातला आणि मी तो मिटवला नाही.

गाडीच्या आधी कामं वाटून झाली. गावोगावची मुलं आहेत: अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा, करमाळा. प्रत्येकाने आपल्या आठवडी बाजारातून काडी बोंबील आणायचे, विकणाऱ्याला माल कुठल्या बंदराचा ते विचारायचं, आणि छातीच्या पराची लांबी डोक्याच्या लांबीशी मोजून वहीत लिहायची. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या एका मुलीचे मामा मछलीपट्टणमला असतात, ती तिकडचे सुके बोंबील मागवणार आहे. चोर बोंबील फॉर्मालिनच्या बरणीत घालून मी पाठवायचा आहे, बोंबलाशी तुलना करायला. मैत्रिणीने पश्चिमेचा माल आणि पूर्वेचा माल असे दोन रकाने आखून तक्ता आत्ताच फळ्यावर काढला. पूर्वेचा रकाना अजून रिकामा आहे, पश्चिमेच्या रकान्यात शनिवारची मापं भरलीत.